खताच्या दुकानाच्या माडीवर : किशोरवयीन मुलांच्या समुपदेशन केंद्रातले सहा शनिवार

आमच्या तालुक्याच्या गावी, बाजार ओळीत, एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशन केंद्र चालते. जानेवारी ते मार्च या काळात आम्ही आमच्या नववीतल्या मुलाला घेऊन तेथे सहा शनिवार गेलो. ज्या पालकांच्या मनात असे केंद्र गाठावे की नाही याची घालमेल चालू आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. संस्थेचे आणि गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तालुक्यात असे केंद्र एकच आहे, समुपदेशक ताईही एकच आहेत, आणि नाव कळले की जिन्यावर दिसलेल्या लेकरांची नावेही लोक जुळवू लागतात. हा मजकूर मुलाला वाचून दाखवला आहे. त्याने दोन वाक्ये खोडायला लावली, ती खोडली.

जाण्याचे कारण एक बॅटरी ठरली. डिसेंबरात हरभऱ्याला ओलीत करण्याचे दिवस होते आणि त्या आठवड्यात आमच्याकडे लाइन रात्रीची होती, म्हणजे मोटार चालू करायला रात्री अकराला वावरात जाणे भाग होते. मुलाचे बाबा घराबाहेर पडत असताना मुलाने त्यांच्या हातातली बॅटरी हिसकावली आणि अंगणातल्या दगडावर आपटली. काच, सेल, झाकण असे सगळे तीन दिशांना गेले. बाबा एक शब्दही न बोलता अंधारातच निघून गेले, मी मात्र मुलाला बोलायचे ते सगळे बोलून घेतले. महिनाभरात असे तीन-चार प्रसंग झाले होते आणि आम्ही दोघांनी त्याचे नाव ‘उद्धटपणा’ असे ठरवून टाकले होते. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षांपासून शिकवते, आणि वर्गात कोणी रडले की ‘वाघ ना तू, वाघ रडतो का?’ हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघते. हे आधीच सांगून ठेवते, कारण केंद्रात पुढे जे निघाले त्यात माझाही वाटा होता.

आधी जागेविषयी. खताच्या दुकानाचा जिना हा या केंद्राचा सर्वांत मोठा गुण आहे, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. ‘मानसिक’ हा शब्द असलेल्या पाटीखाली आमच्या गावचा माणूस उभा राहणार नाही, पण बियाण्याच्या, डीएपीच्या चौकशीला तो जिना कोणीही चढतो, त्यामुळे शेजारपाजारचे कोणी भेटले तरी ‘इकडे कुठे?’ याचे उत्तर तयार असते. दोष असा की दुकानातल्या औषधांचा उग्र वास थेट माडीवर येतो आणि दुपारी दोननंतर डोके जड होते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. बसण्याची खोली आणि समुपदेशनाची खोली यांच्यामध्ये फक्त प्लायवूडचा पडदा आहे. तिसऱ्या शनिवारी आतल्या मुलीचे रडणे मला स्पष्ट ऐकू आले, आणि तिचे बोलणे ऐकू येऊ नये म्हणून मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. प्रत्येक पालक तसे करीलच याची खात्री नाही. ज्या सेवेचा सारा आधार गुप्ततेवर आहे, तिने इतर काही करण्याआधी ही भिंत विटांची करून घ्यावी, असे मी तेथल्या वहीतही लिहून आले आहे.

पहिल्या भेटीत दोन छापील कागद मिळाले. एकावर भावनांचे चाक होते आणि त्यात ‘उद्विग्न’, ‘व्याकूळ’, ‘हताश’, ‘असुरक्षित’ असे शब्द होते. मुलाने ते चाक दहा मिनिटे फिरवून फिरवून पाहिले आणि ‘ठीक’ असे लिहून परत दिले. भावनेला शब्द देण्यामागे खरे शास्त्र आहे, हे मी नाकारत नाही. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रागावलेले किंवा घाबरलेले चेहरे पाहताना त्या भावनेला शब्दाने ओळखणाऱ्यांच्या मेंदूतील अमिग्डलाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल कमी झालेली दिसली. परंतु शब्द तोंडात रुळलेला असेल तरच तो कामाला येतो. माझ्या मुलाच्या तोंडी ‘उद्विग्न’ कधी आला नाही आणि येणारही नाही. त्याचे शब्द ‘डोकं सणकते’, ‘भेव लागते’, ‘कंटाया आला’, ‘कसंतरीच होते’ असे आहेत, आणि मी शिक्षिका असल्याने आयुष्यभर हेच शब्द अशुद्ध म्हणून दुरुस्त करीत आले. दुसऱ्या भेटीत ताईंनी ते चाक बाजूला ठेवले आणि कोऱ्या कागदावर त्याचेच शब्द त्याच्याच अक्षरात लिहून घेतले. तेव्हा कागद भरला. माझी सूचना एवढीच की पुण्या-मुंबईत छापलेले ते चाक आता कपाटातच राहू द्यावे आणि वऱ्हाडी शब्दांचे नवे चाक येथल्या मुलांकडूनच करून घ्यावे.

दुसरा कागद रागावर ताबा मिळवण्याचा होता. त्यात दीर्घ श्वास घ्या, एक ते दहा अंक मोजा, थंड पाणी प्या, असे उपाय होते. ते वाईट नाहीत, पण अपुरे आहेत. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार भावनेला वळण देण्याच्या जागा पाच आहेत : प्रसंग निवडणे किंवा टाळणे, प्रसंगात बदल करणे, लक्ष दुसरीकडे नेणे, त्याच प्रसंगाचा वेगळा अर्थ लावणे, आणि सर्वांत शेवटी, भावना उसळल्यावर तिच्या प्रकटीकरणाला आवर घालणे. कागदावरचे बहुतेक सारे उपाय या शेवटच्या जागेचे होते, म्हणजे नाल्याला पूर आल्यावर बांध घालण्यासारखे. पहिल्या चार जागा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या एकट्याच्या हाती नसतात, हे त्याहून महत्त्वाचे. घरात वडील केव्हा बाहेर जातील, कोण कोणाशी बोलेल, एखाद्या गोष्टीचा वेगळा अर्थ लावायला लागणारी माहिती त्याला मिळेल की नाही, हे सारे मोठी माणसे ठरवतात. म्हणून एकट्या मुलाला खोलीत बसवून राग आवरायला शिकवणारी कोणतीही सेवा मला अर्धवट वाटते, आणि पहिल्या तीन भेटींपर्यंत हे केंद्रही मला तसेच वाटले होते.

चौथ्या शनिवारी मत बदलले. ताईंनी तिघांनाही एकत्र बसायला बोलावले. खुर्च्या गोल न मांडता मुलाची आणि बाबांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवली, त्यामुळे दोघांना एकमेकांकडे पाहावे लागत नव्हते. ताई आमच्याच बोलीत बोलतात. त्यांनी आधी मुलाला विचारले, ‘राग आला का तू काय करतं?’ उत्तर देण्याआधी त्याने बाबांकडे पाहिले. ताईंनी ते पाहणे टिपले आणि प्रश्न बाबांकडे वळवला, ‘दादा, तुमच्या बाबाले राग आला का ते काय करत होते?’

बाबा बराच वेळ खिडकीतून बाजार पाहत राहिले. मग म्हणाले, ‘काही नाही. वावरात निंघून जात.’

‘अन् तुम्ही?’

‘मी बी तेच करतो.’

तेव्हा मुलगा म्हणाला, ‘म्हणूनच तं भेव लागते.’

आमच्या भागात वाढणाऱ्या मुलाला या भेवाचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीनंतर शेजारच्या गावातल्या, त्याच्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील गेले होते, आणि ते कसे गेले हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते. त्या वर्षी आमच्या घरीही सोयाबीनच्या पैशात बँकेचे आणि दुकानदाराचे एकदम भागले नव्हते. बाबा जेवणावर बोलेनासे झाले होते आणि रात्री एकटे वावरात जात होते. मुलगा त्यांच्या मागोमाग धुऱ्यापर्यंत जाऊन, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आड बसून, मोटारीचा आवाज येईपर्यंत थांबत असे, हे मला त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा कळले. ‘बॅटरी नसली तं जाणार नाही, असं वाटलं,’ एवढेच तो पुढे बोलला. ज्याला आम्ही दोन महिने उद्धटपणा म्हणत होतो, ते राखण करणे होते.

बाबांनी ‘मी पाणी द्यायलेच जातो रे’ असे दोनदा म्हटले. ताईंनी उपदेश केला नाही, रडूही दिले नाही असे नाही, पण त्यावर भाषण केले नाही. आधी त्यांनी बाबांना पडदा न ठेवता, मुलासमोरच, सरळ प्रश्न विचारला की जीव नकोसा होतो असे कधी वाटते काय, आणि ‘नाही, पण झोप लागत नाही’ हे उत्तर वहीत लिहून ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांची वेळ ठरवून दिली. मग एक साधी व्यवस्था लावली : निघताना परत येण्याची वेळ सांगायची, आणि मोटार चालू झाली की घरच्या फोनवर मिस कॉल द्यायचा. त्या रात्रीपासून मिस कॉल येऊ लागला आणि मुलगा अकराच्या पुढे जागा राहीनासा झाला. ग्रॉस यांच्या भाषेत सांगायचे तर प्रसंगच बदलला होता. श्वास मोजण्याची वेळ फारशी येईना.

घरी आल्यावर मी या विषयावरचे जे वाचले, त्याने ती दुपार अधिक समजली. अमांडा मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या आराखड्यात, मूल भावनांना वळण लावायला कुटुंबात तीन वाटांनी शिकते असे म्हटले आहे : मोठ्यांना पाहून, मोठे त्याच्या भावनांना जो प्रतिसाद देतात त्यातून, आणि घरातल्या एकूण भावनिक हवेतून. आमच्या घरात पाहून शिकण्याची वाट तीन पिढ्यांची होती, तिचे नाव वावर. प्रतिसादाची वाट माझी होती, ‘वाघ रडतो का’. आणि हवा कशी होती ते काय सांगावे! एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील प्रयोगात एकमेकींना अनोळखी असलेल्या स्त्रियांच्या जोड्यांनी एक अस्वस्थ करणारी चित्रफीत पाहून तिच्यावर चर्चा केली. जोडीतल्या एकीला भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याची सूचना होती, आणि रक्तदाब तिच्या समोर बसलेल्या, कोणतीही सूचना नसलेल्या स्त्रीचाही वाढला. अनोळखी माणसाच्या काही मिनिटांच्या दडपलेल्या चेहऱ्याने जर असे होत असेल, तर वडिलांच्या दोन महिन्यांच्या मौनाने एका ताटावर जेवणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याचा हिशेब मी मनात करून पाहिला आहे.

येथे आईवर्गासाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण मला ती झोंबली होती. ‘मी जवळ बसते, पाठीवर हात फिरवते, तरी हा शांत का होत नाही,’ ही माझी तक्रार होती. मूल लहान असताना तो हात पुरत असे. कॅमेलिया होस्टिनार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना परीक्षकांपुढे भाषण करायचे होते आणि तयारीच्या वेळी सोबतीला आई किंवा वडील, नाहीतर परके माणूस होते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये पालकांच्या सोबतीने ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसोल, वाढले नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर मात्र त्या सोबतीचा असा परिणाम झाला नाही. म्हणजे माझा हात वाया गेला नव्हता, त्याचे काम बदलले होते. ताईंनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले, की या वयात शांत करायला धावू नका, तो बोलेल तेव्हा हाताशी असा. हे ऐकायला सोपे आणि करायला फार अवघड आहे.

आणि हाताशी असण्याची कला आमच्या घरात आजीला येते, ही बाब केंद्राच्या ध्यानात चौथ्या भेटीपर्यंत आलीच नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. अर्जावर ‘आईचे नाव, वडिलांचे नाव, व्यवसाय’ एवढेच रकाने आहेत. आमच्याकडे मुलाचे मन कोणापाशी मोकळे होते, तर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आजीपाशी. ती त्याच्याकडे पाहत नाही, प्रश्न विचारत नाही, अर्धी पाटी त्याच्यापुढे सरकवते. अर्ध्या तासाने तो आपणहून बोलू लागतो, आणि ती ‘हो का?’ याच्या पलीकडे जात नाही. खिडकीकडे तोंड केलेल्या खुर्च्यांची युक्ती ती न शिकता करीत होती. अर्जात ‘घरात तू कोणाशी बोलतोस?’ असा एक रकाना वाढवला, तर केंद्राच्या दोन भेटी वाचतील.

मित्रगटाच्या बैठकीविषयी मी फारशी समाधानी नाही. महिन्यातून एकदा आठ-दहा मुले-मुली गोलात बसतात आणि आपापले दुःख सांगतात. किशोरवयात मित्रांचे वजन पालकांपेक्षा वाढते, हे खरेच आहे, आणि ते दोन्ही दिशांनी वाढते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ मधील अभ्यासात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात, एकटे असताना घेतला त्यापेक्षा बराच अधिक धोका मित्रांसमोर घेतला. मोठ्या माणसांवर मित्रांच्या उपस्थितीचा तसा परिणाम झाला नाही. एका मोटारसायकलवर तिघे बसून जिनिंगच्या रस्त्याने सुसाट जाणारी आमची मुले पाहिली की वेगळा प्रयोग करावा लागत नाही. मुलींच्या बाबतीत अमांडा रोज यांनी २००२ मध्ये दाखवलेली गोष्ट मला अधिक विचार करण्यासारखी वाटते : मैत्रिणी एकच अडचण पुन्हा पुन्हा उगाळत बसल्या की त्यांची मैत्री घट्ट होते, आणि त्याच वेळी त्यांच्यातली उदासी आणि चिंताही वाढलेली आढळते. मुलींना शाळेत ने-आण करणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसमध्ये मागच्या बाकावर, डोक्याला डोके लावून रोज तेच ते बोलणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थिनी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. केंद्रातली बैठकही नेमकी अशीच, सांगण्यावर संपते. माझा मुलगा त्या दिवशी गेला त्यापेक्षा जड होऊन परतला आणि पुढच्या महिन्यात गेला नाही. ‘मग तू काय केलंस?’ हा प्रश्न त्या गोलात कोणी विचारायला हवा, आणि त्यासाठी तेथे प्रशिक्षित मोठे माणूस पूर्ण वेळ बसायला हवे. त्या दिवशी ताई अर्धा वेळ फोनवर होत्या.

खर्च फार नाही. प्रत्येक भेटीचे शंभर रुपये होतात आणि घरातले दुसरे, तिसरे माणूस आले तरी वेगळे पैसे घेत नाहीत. तेवढेही नको असतील त्यांनी आधी सरकारी सोय पाहावी. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत विनामूल्य समुपदेशनाची तरतूद आहे आणि महाराष्ट्रात या केंद्रांना ‘मैत्री’ म्हणतात. रात्री-बेरात्री कोणाशी बोलायचे असेल, घरातल्या कोणाच्या जिवाची काळजी वाटत असेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक आमच्या फ्रिजवर, गॅसच्या नंबरखाली लावलेला आहे.

माडीवरच्या या केंद्राला पाचापैकी किती, असे कोणी विचारले तर एकत्र बैठकीला मी पाच देईन, छापील कागदांना दोन, मित्रगटाला दोन आणि प्लायवूडला शून्य. जाणाऱ्यांनी वेळ अकरा ते एकची घ्यावी, तेव्हा औषधांचा वास कमी असतो आणि परतीच्या एस.टी.ची धावपळ होत नाही. पहिल्याच भेटीत एकत्र बैठक मागून घ्यावी, चौथ्या भेटीची वाट पाहू नये. वडील येणार नाहीत अशी धास्ती असेल, तर शनिवार हा आमच्या तालुक्याचा बाजाराचा दिवस आहे हे ध्यानात ठेवावे. आमच्याकडे पहिल्या खेपेला ते केवळ पिशवी धरायला आले होते आणि खालीच दुकानदाराशी बोलत थांबले होते. सहाव्या शनिवारी त्यांनी सांबार (म्हणजे कोथिंबीर), वांगे आणि बीटी कपाशीच्या बियाण्याचे भाव विचारून आणलेला कागद, असे सारे पिशवीत भरले आणि ती पिशवी घेऊन आमच्या आधी जिना चढले.